निखळत्या घोडीचं प्रकरण

"अंबरपेठेत डास चावला, तर तो कुठल्या गटारातून आला हे मी त्याच्या चालीवरून सांगतो," असं तातेराव स्वतःबद्दल सांगत. डास चालत नाही, उडतो, हे मामांना सांगायची हिंमत दौलतला कधी झाली नव्हती. निवृत्तीनंतर मामांनी दारावर 'खासगी गुप्तहेर' अशी पाटी लावली आणि मदतनीस म्हणून या भाच्यालाच नेमलं.

२०१४चा जून होता. राज्य दुभंगून तेलंगणा आणि आंध्र वेगळे झाले आणि दौलतच्या सरकारी कचेरीतला सुब्बाराव आंध्राच्या वाट्याला गेला. चौदा वर्षं दोघं चहाच्या सुट्टीत मिळून गायले होते. शुक्रवारी त्याच्या निरोपाला स्वतः बनवलेली गिटार वाजवायची म्हणून दौलतनं सुट्या भागांचं किट मागवलं, महिनाभर घासलं, जोडलं, आरशासारखं चमकवलं. पण तारा जिला अडकवतात ती लाकडी पट्टी, म्हणजे घोडी, टिकेना. सरस लावून दिवसभर दाबून ठेवली तरी तारा ताणल्या की फटकन उखडे. असं दोनदा झालं आणि बुधवार उजाडला.

मामा भिंग घेऊन आले. "घातपात! वरचे मुकुंदराव पेटी शिकवतात. गिटार आली की पेटी बुडाली."

"ते आठवड्यापासून नांदेडला आहेत."

"बघ! निर्दोष माणूस घर सोडून जाईल कशाला?"

मामांनी घोडी हुंगली. "किंवा वाटणी झालीय. धड तेलंगणाला, घोडी आंध्राला. म्हणून ती निघाली."

"मामा, किट चीनचं आहे."

"परकीय हात!"

पार्वतीमामी चहा घेऊन आल्या. उखडल्या जागेवर त्यांनी नख फिरवलं. "दौलत, इथं पॉलिश कशाला केलंस?"

"पोलीस?" मामा उसळले. "त्यांना कशाला मधे घेतेस? मी मेलोय का?"

"अहो, पॉलिश! तेलकट कपाळावर टिकली टिकते का? सरस लाकडाला धरतो. तेवढी जागा खरवड, बाबा."

किटसोबतच्या कागदावर अगदी हेच छापलं होतं. तो कागद मामांनी, कुणी वाचायच्या आत, पुरावा म्हणून लाखेनं सील केला होता.

शुक्रवारी दौलतनं श्वास रोखून तारा पिळल्या. घोडी हलली नाही. तो वाजवू लागला तसा सुब्बाराव निरोपाच्या हार-शालीसकट हुंदके देऊ लागला. "इत्ता कायको रुलारे, दौलतभाई!" सगळी कचेरी रडली. पहिल्या रांगेत बसून मामांनी कौतुक स्वीकारलं.

सोमवारी दौलत जड पावलांनी टपरीवर गेला, तर सुब्बाराव बशीतून चहा पीत होता. आंध्राच्या कचेरीला तूर्त याच इमारतीचा दुसरा मजला मिळाला होता.

"जाना है, भाई," तो ओशाळून म्हणाला. "कब, वो नै बोलरे."

शाल परत मागावी की मिठी मारावी, दौलतला कळेना. त्यानं मिठी मारली. परराज्य सतरा पायऱ्या वर होतं आणि जिन्यातला दिवा कुणी बदलायचा, यावर दोन्ही सरकारांचा पत्रव्यवहार सुरू झाला होता.