तिसऱ्या रांगेतली वाहवा

संगीत विभागाच्या पाध्ये सरांनी मला फसवलं. धडधडीत, भर सभागृहात, "वा!" म्हणून.

करंजाड्यात माझं फरशांचं दुकान आहे. विचुंब्याहून सायकलवर नमुने फिरवत मी ते उभं केलं. मला गंडवणारा अजून जन्मायचा आहे, असं मी सांगत असे. आता सांगत नाही.

माझी मुलगी मयूरी इथल्या विद्यापीठात गाणं शिकते. सत्र संपताना तिथे मैफल असते. आधी मुलं गातात, मग शिक्षक. मुलं गात असताना पाध्ये सर तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसतात. त्याआधी सगळे पंखे बंद करतात, कारण त्यातला एक म्हणे बेसूर फिरतो. मग घामाघूम श्रोत्यांना चष्म्याच्या डबीतून ज्येष्ठमध वाटतात. गाणाऱ्याला नाही, ऐकणाऱ्याला! "ऐकणाऱ्याचाही गळा साफ हवा," म्हणतात. रिक्षात बसले की हॉर्न पेटीच्या कुठल्या पट्टीत वाजतो ते सांगतात. "तुमचा काळी दोन आहे हो!" रिक्षावाला घाबरून कागदपत्रं काढतो.

मयूरी गायला लागली की सर मांडीवर थाप मारून ओरडायचे, "वा! क्या बात है!" इतरांना एखादा वा, माझ्या पोरीला वा वर वा. गिऱ्हाइकांना, भावकीला, सगळ्यांना मी ते ऐकवायचो.

परवा मध्यंतरात मी तिला म्हटलं, "मयू, आज तर सर खुर्चीतून उडत होते!"

तिचा चेहरा पडला. "बाबा, तुमाला खरंच नाय कळत? सर वा म्हणतात तिथं माझा सूर सुटलेला असतो. त्यांच्या आवाजात तो झाकला जातो. सगळ्या पोरांना ठाऊक हाय."

माझे कान तापले. जो फरशीची फार तारीफ करतो त्याच्या फरशीला तडा असतो, हे मीच नोकरांना शिकवलंय! तडक सरांना गाठलं.

"सर, फसवलंत मला. गावभर सांगत सुटलो मी!"

"अहो, सूर चुकला की पोर मान खाली घालते. मग पुढचं सगळं जातं," सर म्हणाले. "वा म्हटलं की वर बघते. घ्या, ज्येष्ठमध घ्या."

घेतला, आणि रागाने खिशात कोंबला.

मग शिक्षकांची पाळी आली. सर गायला बसले, मागे तानपुऱ्यावर मयूरी. सर वर चढले आणि आवाज फाटला. मला सूर कळत नाही, पण तडा कळतो. सरांनी मान वर करून सरळ तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. तिथे त्यांचीच खुर्ची होती, रिकामी. शेजारी मी, हाताची घडी घालून. सभागृह गप्प. सरांनी मान खाली घातली, आणि पुढचं सगळं गेलं.

घरी येताना मयूरी स्कूटरवर मागून एवढंच म्हणाली, "एक वा म्हणायला काय जात व्हतं, बाबा?"

काही जात नव्हतं. आयुष्यभर घासाघीस केली, आणि जिथे फुकट द्यायचं होतं तिथेही मूठ आवळली. आरशात स्वतःकडे बघवत नाही. पण त्या सभागृहात सरांचे सहकारी होते, विभागप्रमुख होते, सरांनी ज्यांचे सूर झाकले ती सगळी मुलं होती. सगळे जाणकार. माझा ज्येष्ठमध खिशात होता. त्यांनी तर चघळला होता. मग त्यांच्यातला एकही जण "वा" का म्हणाला नाही? मला याचा जाब हवा आहे.