घरच्या मशीनचा प्रश्न

मिस्त्रींचे दोनशे साठ गुण गेल्याचं शनिवारी सकाळी कळलं. शुक्रवारी संध्याकाळी तीनशे अकरा होते. सकाळी चहा गाळता गाळता त्यांनी फोन पाहिला, तर एकावन्न. चष्मा पुसून पाहिला, तरी एकावन्नच. तोवर निम्मा चहा ओट्यावर गेला होता. आकड्याखाली एक ओळ होती: ‘संगनमताने दिलेली मतं रद्द करण्यात आली आहेत.’

मिस्त्री चाळीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त करत होते. इतक्या वर्षांत संगनमत करायला त्यांना कोणी बोलावलंही नव्हतं.

त्यांची बायको जाऊन दहा महिने झाले होते. तिचा फोन ते रोज चार्ज करून ठेवत. का, ते कोणी विचारलं नाही. दोन महिन्यांपूर्वी त्या फोनवर एका साइटचा निरोप आला. तिथे लोक दुरुस्तीचे प्रश्न विचारत आणि लोकच उत्तरं देत. निरोप असा होता, की तुमचा बंद केलेला प्रश्न दोन महिन्यांनी कायमचा काढून टाकला जाईल. मिस्त्रींनी तो उघडला.

‘माझे यजमान शिलाई मशीनं दुरुस्त करतात. सगळ्या जगाची करतात. आमच्या घरच्या मशीनची सुई खाली आली की टक् असा आवाज येतो. दीड वर्ष झालं. त्यांना सांगितलं की म्हणतात, उद्या बघतो. त्यांना न कळता हा आवाज कसा घालवावा?’

तिघांनी खालचा बाण दाबून प्रश्नाला उणे तीन दिले होते. ‘चिमटा’ असं टोपणनाव घेतलेल्या साइटच्या देखरेखवाल्याने तो बंद केला होता आणि कारण लिहिलं होतं: ‘हा दुरुस्तीचा प्रश्न नसून घरगुती तक्रार आहे.’

मिस्त्रींनी प्रश्न अकरा वेळा वाचला. त्यांना फक्त त्याच्याखाली उत्तर लिहायचं होतं. पण बंद प्रश्नाखाली उत्तर लिहिता येत नाही, आणि प्रश्न पुन्हा उघडायचा अर्ज करायला तीनशे गुण लागतात, असं मुलीने शोधून सांगितलं. कोणी आपल्या उत्तरावर वरचा बाण दाबला की दहा गुण. नव्या माणसाला सुरुवातीचा एक फुकट.

पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी मशीनला तेल कुठे द्यावं, यावर दोन पानं लिहिली. मिळाले शून्य. त्याच प्रश्नाला ‘झटपट’ नावाच्या कोणीतरी मिनिटभरात ‘सुई बदला’ एवढंच लिहिलं आणि चाळीस गुण नेले. सुईचा तिथे काही संबंध नव्हता. मग मिस्त्रीही शिकले. प्रश्न आला रे आला की आधी चार शब्द टाकायचे, विचार नंतर. हातातला पेचकस खाली आणि फोन वर, असं दुकानात सुरू झालं. टेबलावर मशीनं साचू लागली.

एक शिलाईवाली बाई आपलं मशीन घेण्यासाठी तिसऱ्यांदा आली, तेव्हा मिस्त्री कुठल्या तरी परक्या माणसाला तिच्याच मशीनमधला दोष समजावून सांगत होते. तिने त्यांचं टायपिंग संपायची बरीच वाट पाहिली.

“मिस्त्री, मी हेच त्या साइटवर विचारलं तर लवकर होईल का?”

तिने बाकावर बसून खरंच विचारलं. मिस्त्रींनी दोन हातांच्या अंतरावरून तिला दोन मिनिटांत उत्तर दिलं. तिने बाण दाबला, दहा गुण दिले आणि मशीन तसंच नादुरुस्त उचलून दुसऱ्या दुकानात नेलं.

एवढं करून दोन महिन्यांत एकावन्न गुण झाले आणि मुदत संपायला पाच दिवस उरले. शुक्रवारी मुलगी, जावई आणि मेहुणी घरी आले. जावयाच्या ऑफिसात सगळं टार्गेटवर चाले. त्याने सगळ्यांना खाती उघडून दिली, मिस्त्रींची उत्तरं वाटून दिली आणि घड्याळ लावलं. एकाच घरातून, एकाच वायफायवरून नऊ मिनिटांत सव्वीस बाण गेले. मेहुणीने आपल्या वाटचे संपवून न सांगता झटपटलाही सहा दिले, खालचे. शेवटी बाण कमी पडले, तेव्हा मुलीने आईचा फोन उचलला आणि त्यावरूनही दाबले.

“आईने दिलेच असते की,” ती म्हणाली.

“तिने?” मेहुणी म्हणाली. “भावोजी, तिने आधी मशीन नीट करून मागितलं असतं.”

तीनशे अकरा झाले. आत्ताच्या आत्ता अर्ज करा, असं मुलीने दोनदा सांगितलं. मिस्त्रींचे डोळे दुखत होते. उद्या बघतो, सकाळी, शांतपणे, असं ते म्हणाले.

आणि सकाळी एकावन्न. ते तरी ठीक होतं, पण दुपारी बायकोच्या फोनवर दुसरा निरोप आला. या खात्यावरून संशयास्पद मतं दिली गेली आहेत. तीन दिवसांत खुलासा करा, नाहीतर खातं आणि त्यावरचे प्रश्न काढून टाकले जातील.

सगळे पुन्हा जमले. मुलगी रडायला लागली. जावयाने दीड पानाचा मसुदा केला, त्यात सगळा दोष नेटवर्कवर ढकलला होता. मेहुणीचं म्हणणं, की खुलासा बहिणीच्या नावाने आपण लिहू, दोघींचं बोलणं लहानपणापासून सारखंच होतं. मिस्त्रींनी दोघांचं ऐकून घेतलं, आतल्या खोलीत गेले आणि स्वतःच लिहिलं.

‘हे खातं माझ्या बायकोचं आहे. ती दहा महिन्यांपूर्वी वारली. बाण मुलीने दाबले. माझे सगळे गुण काढून घ्या, पण तिचा प्रश्न ठेवा. त्याचं उत्तर मला द्यायचं आहे.’

रविवार गेला. सोमवार गेला. मंगळवारी चिमट्याचा निरोप आला. मिस्त्रींचे गुण नियमाप्रमाणे एकावर आणले होते. प्रश्न उघडला होता. खाली लिहिलं होतं: ‘माझी चूक झाली. हा दुरुस्तीचाच प्रश्न आहे.’

त्या दुपारी मिस्त्रींनी दुकान बंद ठेवलं आणि उत्तर लिहिलं. या वेळी घाई केली नाही. ‘सुई वाकडी असेल. नाहीतर बॉबिनपाशी दोऱ्याचा तुकडा अडकला असेल. नाहीतर आतलं शटल झिजलं असेल. दहा मिनिटांचं काम आहे. यजमानांनी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.’

संध्याकाळी सगळे पुन्हा जमले, तोवर त्रेचाळीस अनोळखी माणसांनी वरचा बाण दाबला होता. त्यात झटपटही होता. मेहुणीचा हात फोनकडे गेला, तो जावयाने धरून ठेवला. बरोबर उत्तराची हिरवी खूण तेवढी राहिली. ती फक्त प्रश्न विचारणाऱ्यालाच करता येते. मुलीने आईचा फोन घेतला.

“दाबू का?”

“नको,” मिस्त्री म्हणाले. “तिला पटलं असतं की नाही, कोणाला माहीत.”

तेवढ्यात उत्तराखाली चिमट्याची ओळ आली. ‘उत्तर चांगलं आहे. पण या तिन्हींपैकी नेमकं काय निघालं? मशीन उघडून बघितलंत का?’

मेहुणीने भावोजींकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर.

मिस्त्रींनी ‘उद्या बघतो’ असं टाइप केलं आणि पुसलं. पेचकस घेऊन ते आतल्या खोलीत गेले. मशीनवरचं झाकण काढलं. सुईखाली उशीचा अभ्रा होता, तीन बाजू शिवलेला, चौथीवर सुई रुतलेली. मशीन उघडायचं तर आधी तो काढायला हवा, आणि काढायचा तर दोरा कापायला हवा. त्यांनी पेचकस खिशात घातला. मग झाकण घालून बाहेर आले.

त्या प्रश्नाचे उणे तीन केव्हाच भरून निघाले. मिस्त्रींचे गुण आता सहाशेच्या वर गेले आहेत. दुकानातली साचलेली मशीनंही झाली, शिलाईवालीचं दुसऱ्या दुकानातही झालं नव्हतं, ते तर त्यांनी तिच्या घरी जाऊन करून दिलं. चिमट्याला उत्तर द्यायचं राहिलं आहे. घरचं मशीन उघडायचं राहिलं आहे.