इंदुमती कुबल यांच्या केसांचे वय

इंदुमती कुबल यांचे केस १९८७ च्या जून महिन्यात सरकारी सेवेत रुजू झाले. इंदुमतीबाई स्वतः नोकरीत कधीच नव्हत्या.

खारेवाडी बंदरातला दमटपणा मोजायला सरकारने एकामागून एक तीन यंत्रे पाठवली होती. तिन्ही गंजली. चौथे बसवायला आलेल्या अधिकाऱ्याला चहा द्यायला इंदुमतीबाई नुकत्याच न्हाऊन, मोकळ्या केसांनी पडवीत आल्या आणि यंत्राचा काटा हलायच्या आत त्यांचे केस फुगले. अधिकारी समंजस होता. त्याने यंत्र परत नेले आणि केसांची नेमणूक केली. नेमणूकपत्रात दोन अटी होत्या. केसांना तेल लावू नये. आणि कोणीही त्यांच्या केसालाही धक्का लावू नये.

तेव्हापासून रोज सकाळी आठ वाजता त्या पडवीत, शून्य ते शंभर रेघा मारलेल्या फळीला पाठ लावून बसत. त्यांचे यजमान दिगंबर कुबल केस कोणत्या रेघेपर्यंत फुगले ते पाहत आणि तो आकडा तिठ्यावरच्या फळ्यावर लिहून येत. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर एकही केस नसल्यामुळे ते निःपक्षपाती मानले जात. आकडा सत्तरच्या आत आला की गाव माळ्यावरच्या गाद्या उन्हात काढी, पेट्या उघडी, आंब्याची साठं वाळत घाली. सत्तरच्या वर पेटीला हात लावायचा नाही, हा खारेवाडीचा कायदाच झाला होता. एकोणतीस वर्षांत गावातला एकही शालू बुरशीने गेला नाही. पलीकडच्या गावातले पुष्कळ गेले. त्या गावात इंदुमतीबाई नव्हत्या.

हळदीकुंकवाला त्या आल्या की बायका पंखा बंद करत. बाकीच्यांचे अंबाडे, गजरे. इंदुमतीबाईंच्या डोक्यावर मात्र पिसाऱ्यासारखा पसारा. तो त्या मान ताठ ठेवून मिरवत. सासूबाईंना तेवढे एकच शल्य होते.

"खोबऱ्याच्या गावात राहून डोक्याला तेल नाही! लोक म्हणतील, सासू देत नाही."

"केस ड्युटीवर आहेत, आई," इंदुमतीबाई म्हणत.

२०१६ च्या एप्रिलात पत्र आले. श्रीमती कुबल यांचे केस नियत वयोमानानुसार ३१ मे रोजी सेवानिवृत्त होत आहेत.

इंदुमतीबाईंनी पत्र दोनदा वाचले. "अठ्ठावन्न मला होतायत. केसांना कुठे?"

"तुम्ही बरोबरच वाढलात ना?" दिगंबर म्हणाले.

"नाही. चौथीत मला विषमज्वर झाला, तेव्हा डोकं पूर्ण उतरवलं होतं. हे केस नंतरचे. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहेत."

त्यांनी तसा अर्ज केला. पाकिटावर 'कुबल केस' असे लिहिल्यामुळे तो आधी न्यायालयीन शाखेकडे गेला आणि प्रतिवादी कोण, अशी विचारणा आली. त्यात तीन आठवडे गेले. अखेर २८ मे रोजी चौकशीसाठी अवसरे नावाचे घाटावरचे अधिकारी आले. त्यांचे केस तेलाने चापून बसवलेले होते. इंदुमतीबाईंनी ते पाहून घेतले.

त्यांनी चौथीच्या वर्गाचा फोटो पुढे ठेवला. सगळ्या मुलींच्या दोन वेण्या, एकीच्या डोक्याला रुमाल.

"रुमालाखाली केस नव्हते, याला पुरावा?" अवसरे म्हणाले. "शिवाय दुसरी अडचण. कुठलाही केस पाच-सहा वर्षांवर टिकत नाही. म्हणजे आपले सध्याचे सगळे केस बदली कामगार ठरतात."

"साहेब, १९८७ सालचं तुमच्या कार्यालयात आज कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग कार्यालय बंद पडलं का?"

अवसऱ्यांनी हे टिपून घेतले. "तरी पुरावा लागेलच."

पुरावा होता. उतरवलेली वेणी आईने जपून ठेवली होती आणि ती आईची पेटी इंदुमतीबाईंच्याच माळ्यावर होती. मात्र त्या दिवशी आकडा अठ्ठ्याऐंशी होता.

"उघडा की," अवसरे म्हणाले.

"अठ्ठ्याऐंशीला? मग गावाला काय तोंड दाखवू?"

दुसऱ्या दिवशी शहाऐंशी. तिसऱ्या दिवशी चौऱ्याऐंशी. अवसऱ्यांच्या बुटांवर हिरवी साय धरली, त्यांची फाइल फुगली, काडेपेटी पेटेना. दिगंबर हळूच म्हणाले, "इंदू, उद्या शेवटचा दिवस. एकोणसत्तर लिहू का? कोणाला कळणार?"

"केसांना कळेल," इंदुमतीबाई म्हणाल्या. दिगंबरांनी जाऊन चौऱ्याऐंशी लिहिले.

३१ मेच्या सकाळी वारा फिरला. आकडा एकोणसत्तर. दिगंबर फळ्याकडे धावत गेले आणि येताना शिडीच घेऊन आले. पेटी उघडताच डांबरगोळ्यांचा आणि कुबट काळोखाचा वास सुटला. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली लाल रिबिनीची वेणी होती. वर्तमानपत्र १२ सप्टेंबर १९६७ चे.

अवसऱ्यांनी चष्मा पुसून तारीख वाचली. "जावळ काढलं होतं?"

"आमच्यात मुलींचं काढत नाहीत."

"म्हणजे वेणी जन्मापासूनची. आपला मुद्दा सिद्ध झाला. पण निघालेला आदेश परत जात नाही, बाई. आज कोणीतरी निवृत्त व्हायलाच हवं."

"आदेशात काय लिहिलंय?"

"'श्रीमती कुबल यांचे केस.'"

इंदुमतीबाईंनी वेणीकडे बोट दाखवले. "हेही माझेच."

"पण ही सेवेत कुठे होती?"

तोवर टेबलावरच्या वेणीने हळूहळू अंग फुलवले होते. दिगंबरांनी ती फळीला लावली. एकोणसत्तर.

अवसऱ्यांनी वाकून रेघ तपासली. "म्हणजे इतकी वर्षं काम करत होती, फक्त कोणी पाहिलं नाही," ते म्हणाले. "अशी सेवा खात्याला मान्य आहे. आमच्याकडे बहुतेकांची तशीच असते."

संध्याकाळी पाच वाजता पडवीत वेणीचा निरोप समारंभ झाला. वेणी खुर्चीवर होती. तिला शाल आणि श्रीफळ देण्यात आले. एवढी अबोल आणि माळ्यावर राहूनही पाय जमिनीवर असलेली सेवा आपण पाहिली नाही, असे अवसरे भाषणात म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सासूबाई उठल्या. त्यांच्या हातात खोबरेलाची वाटी होती.

"आता हिला अट नाही ना?"

"नाही," अवसरे म्हणाले.

सासूबाईंनी वेणी मांडीवर घेतली आणि टोकापासून मुळापर्यंत, सावकाश, जिरेपर्यंत तेल लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता इंदुमतीबाई फळीला पाठ लावून बसल्या. शेजारी खुंटीवर वेणी चकचकीत, सरळ लोंबत होती. कुंपणाशी आंब्याच्या रसाचे ताट घेऊन शेजारीण उभी होती.

"इंदूवयनी, आज किती गो?"

दिगंबरांनी वाकून पाहिले. "ब्याण्णव."

शेजारीण ताट घेऊन परत घरात गेली.