इंजिनाचं माप

"आपल्या गाडीत कूलर आहे?" दुकानाच्या पायरीवर बसत आईने विचारलं. "मग गेली सात वर्षं आपण त्या गाडीत घामाघूम का होतोय?"

"तो माणसांसाठी नाही गं," गाडीच्या नाकाखालून अण्णांचा आवाज आला. "स्टीअरिंगच्या तेलासाठी आहे."

"वा! म्हणजे तेलाला गारवा आणि बायकोला वाफ."

अण्णांनी उत्तर दिलं नाही. आता त्यांच्या दातांत पाना होता. एरवी त्याच दातांत टाचण्या असत, त्यामुळे बायकोच्या टोमण्यांना उत्तर न देण्याची त्यांना पंचेचाळीस वर्षांची सवय होती. तो शेवटचा साधा शनिवार होता, पण हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि अण्णांना तर त्या दिवशी मान वर करायचीही सवड नव्हती. पाच वाजेपर्यंत त्यांना गाडी वाचवायची होती.

मुदत लेकीने घातली होती. आदल्या आठवड्यात गाडी वेळेवर वळली नाही आणि कोपऱ्यावरच्या भिंतीचा हातभर गिलावा घेऊन आली. स्टीअरिंग हलकं फिरावं म्हणून जे तेल नळ्यांमधून खेळत असतं, ते गार करणारा कंपनीचा कूलर गंजला होता. रेडिएटरच्या पुढे आडवी बसवलेली, पातळ पत्र्याच्या झालरीची ती एक नळी. तिला चीर गेली होती आणि दुकानाच्या पायरीसमोर रोज लाल तेलाचं थारोळं साचत होतं. गिऱ्हाईकं ते ओलांडून आत येत आणि कुणाला लागलं म्हणून विचारत.

"अण्णा, तुम्ही चौऱ्याहत्तरचे, गाडी पंधराची, आणि दोघांचेही सांधे आखडलेत," सकाळी आल्या आल्या लेक म्हणाली होती. "पाच वाजता मी गाडी चालवून बघणार. नीट वळली आणि खालच्या कागदावर पंधरा मिनिटांत एकही थेंब पडला नाही, तर राहू दे. नाहीतर भंगारवाल्याला फोन."

"कबूल," अण्णा म्हणाले. इतक्या चटकन की तिला शंकाच आली.

गाडीवर अण्णांचा जीव होता तो मिरवण्यासाठी नव्हे. जिना उतरता न येणारी पाच-सहा म्हातारी गिऱ्हाईकं होती, त्यांच्या घरी जाऊन ते मापं घेत. एक आजी तर वर्षातून चारदा माप द्यायच्या आणि कपडा एकच शिवून घ्यायच्या. "त्यांना कुणीतरी हात वर करा, श्वास घ्या, असं म्हणायला हवं असतं," असं अण्णांचं म्हणणं. गाडी गेली की ते सगळं संपलं.

असला कूलर कंपनीने बनवणं कधीच बंद केलं होतं. मग अण्णांनी आपल्या पद्धतीने काम सुरू केलं. तपकिरी कागदाचा नमुना कापला, गाडीच्या पुढच्या जाळीत कॉलरसारखा बसवून पाहिला, दोन ठिकाणी चिमटा घेतला आणि तो कागद घडी घालून सुट्या भागांच्या दुकानात नेला. दुकानदाराला गाडीचं मॉडेल, साल, काहीही सांगितलं नाही. कागद काउंटरवर पसरला आणि म्हणाले, "या मापाचा दाखवा." चौथा कूलर बरोबर बसला. फक्त त्याची तोंडं उलट्या बाजूला होती, म्हणून रबरी पाइप नवे कापावे लागणार होते.

"ती कात्री दे गं," अण्णा खालून म्हणाले.

लेकीने हाताला लागली ती दिली. गाडीखालून अशी किंकाळी आली की आई पायरीवरून उठून उभी राहिली.

"कापडाची कात्री! रबराला! शिंप्याच्या घरात जन्मलीस ना तू?"

"अहो, तिचं बोट तर नाही कापलं?"

"बोट परत जुळून येतं!"

शेवटी पाइप आईच्या भाजीच्या सुरीने कापले गेले. सुरी गेली ती गेलीच. त्याआधी जुनं तेल काढायला आईचा कपडे भिजवायचा टब गेला होता. आईने दोन्हीची मनात नोंद केली आणि गप्प राहिली. तिचं गप्प राहणं हे नेहमी पुढच्या कशाची तरी तयारी असायची.

चार वाजता अण्णा बाहेर आले. नवा कूलर जागेवर होता, दोन्ही पाइप जोडलेले होते, नवं तेल भरलं होतं. कपाळावर काळा पट्टा आणि कानावर खडू. गाडीकडे मान तिरकी करून पाहत ते म्हणाले, "आता ट्रायल घेऊ. बस आत."

लेक एका प्रकाशनात मुद्रितं तपासायची. एका वेलांटीसाठी लेखकांशी तासभर भांडायची. असली शब्दांवर पोट भरणारी बाई त्या दिवशी एका साध्या शब्दाला फसली. ट्रायल म्हणजे गाडी सुरू करून बघणं, असं ती समजली. अण्णांच्या लेखी ट्रायल म्हणजे कच्चे टाके घातलेला कपडा अंगावर चढवून, माणसाला आरशासमोर निश्चल उभं करून, चहूबाजूंनी नुसतं बघणं. त्यांनी पाइप धरून ठेवणारे क्लॅम्पही तसेच कच्च्या टाक्यांसारखे, हाताने अलगद आवळलेले होते. पक्की शिलाई ट्रायलनंतर.

नेमका त्याच वेळी कोपऱ्यावरचा गॅरेजवाला आपली पँट न्यायला आला. त्याला सगळे उस्ताद म्हणत. अण्णा गाडी स्वतः दुरुस्त करताहेत याचं त्याला आठवडाभर हसू येत होतं. पँट दाराच्या खिळ्याला इस्त्री होऊन लटकत होती. "बघू तरी काय शिवलंय," म्हणत तो उघड्या बॉनेटवर वाकला.

लेकीने किल्ली फिरवली आणि स्टीअरिंग एका टोकापर्यंत वळवलं.

फट्‌ असा आवाज झाला. एक पाइप सापासारखा उसळला आणि लाल तेलाची धार आधी उस्तादच्या छातीवर, मग त्याच्या मिशांवर, आणि तो मागे सरकल्यावर थेट दारावरच्या पँटीवर पडली.

"बंद कर! बंद!" अण्णा ओरडले. "ट्रायलला माणूस हलतो का?"

"तुम्हीच म्हणालात ट्रायल घेऊ!"

"ट्रायलच! मी कुठे म्हटलं घालून गावभर हिंड?"

उस्तादने डोळे पुसले. "अण्णा," तो अतिशय शांतपणे म्हणाला, "मी पँट न्यायला आलो होतो. रंगवायला नाही."

इथे आईच्या अंगात कर्तव्य संचारलं. डाग ओला असतानाच निघतो, असं म्हणत तिने उस्तादला आत पिटाळलं, त्याच्या अंगावरचे आणि खिळ्यावरचे कपडे गोळा केले आणि साबणाच्या पाण्यासह टबात घातले. टब रिकामा होता. धुतलेला नव्हता. पाच मिनिटांनी तिने पँट वर काढली तेव्हा ती मघाच्या डागांसकट कमरेपासून तळापर्यंत गुलाबी झाली होती.

"एक बरं झालं," अण्णा बारकाईने बघत म्हणाले. "आता रंग एकसारखा आला."

दुकानात उस्तादच्या मापाचं तयार असं काहीच नव्हतं, कारण उस्तादच्या मापाचं कुणीच नव्हतं. शेवटी तो एका गिऱ्हाइकाच्या फुलाफुलांच्या पडद्यात स्वतःला गुंडाळून बाहेर आला आणि स्टुलावर बसला. त्याची धुतलेली बनियन त्याच्या खांद्यावर ठिबकत होती. कपडे वाळेपर्यंत त्याला जाता येत नव्हतं, आणि मेकॅनिक गाडीसमोर बसला की त्याला गप्पही बसता येत नाही.

साडेचार झाले होते. अण्णांनी या वेळी क्लॅम्प पान्याने कचकचून आवळले आणि सांडलेलं तेल पुन्हा भरलं. उस्ताद वाकला, हात घातला आणि जिंकल्यासारखा हसला.

"अण्णा, हे पाइप लांब झालेत की! हे बघा, इथे वळसा पडलाय. चार बोटं जास्त आहे."

"चार नाही. साडेतीन. माया ठेवलीय."

"माया?" उस्तादने लेकीकडे पाहिलं. "ताई, ऐकलंत? पाइपाला माया! अहो अण्णा, ही पँट आहे का? उद्या गाडीचं पोट सुटलं तर उसवून सैल करणार?"

कापड शिवणीच्या आत जादा दुमडून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. उस्तादच्या पँटीतली माया त्याच आठवड्यात शेवटच्या सुतापर्यंत सोडली गेली होती, त्यामुळे हा विनोद त्याने करायला नको होता. अण्णांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, पण सभ्य माणूस असल्याने बोलले काही नाहीत.

"सुरी द्या इकडे," उस्ताद म्हणाला. "एक घाव दोन तुकडे. पाच मिनिटांत तुमचं काम होतं."

"अण्णा, पावणेपाच झालेत," लेक म्हणाली. "कापू दे त्यांना. त्यांचं रोजचं काम आहे."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. रागावून नव्हे. माप चुकीचं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं.

"जुना पाइप बघितलास?" त्यांनी तो उचलून तिच्या हातात दिला. "दोन्ही टोकांना ताण आलेला दिसतोय? बरोब्बर कापलेला होता. एक सूत जास्त नाही. ताणलेली शिवण आधी उसवते. कूलर नुसता गंजून नाही फुटला. पाइप त्याला रोज ओढत होता."

"इंजिन काय पळून जातं का, ओढायला?" उस्ताद म्हणाला.

"छातीचं माप कसं घेतात?" अण्णांनी विचारलं. "श्वास सोडून घेतलं, तर जेवल्यावर बटण तुटतं. श्वास भरायला सांगायचं, मग टेप लावायची. मंगळवारी मी हिला आत बसवलं होतं, ॲक्सिलरेटर दाबायला. विचार."

"तासभर!" आई म्हणाली. "दाब, सोड. दाब, सोड. मला वाटलं, ह्यांचं काहीतरी बिघडलं."

"आणि इंजिनाला टेप लावली. श्वास भरला की ते या बाजूला झुकतं. अडीच बोटं. वर एक बोट म्हातारपणाचं. इंजिनाखालचे रबराचे पाय दबले की आणखी झुकेल." त्यांनी कानावरचा खडू काढून खिशात ठेवला. "आता कापायचं असेल तर काप."

उस्ताद पुन्हा बॉनेटवर वाकला. मग लेकीला म्हणाला, "ताई, सुरू करा. दाबा जरा."

तिने दाबलं. इंजिन घुमलं आणि एका कुशीला कललं. पाइपाचा वळसा हळूहळू उलगडत गेला, जवळजवळ सरळ झाला, आणि तिथेच थांबला. बोटभर उरला. तिने पाय काढला तसा वळसा पुन्हा आपल्या जागी येऊन बसला. तिने पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. तिला थांबावंसं वाटेना.

उस्तादने पडदा सावरला. "वीस वर्षं इंजिनं उघडतोय मी, अण्णा," तो म्हणाला. "पण इंजिनाचं माप घेतलेलं कधी बघितलं नव्हतं." मग जरा खालच्या आवाजात, "माझ्याकडचा एक टेम्पो आहे. सारखे पाइप फुटतात त्याचे. सोमवारी याल का टेप घेऊन?"

पाच वाजता गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं. चौघंही ओळीने उकिडवी बसली. दहा मिनिटं गेली. बारा. चौदाव्या मिनिटाला कागदावर टप्प करून एक लाल थेंब पडला.

अण्णांचा चेहरा उतरला. लेकीचा हात फोनकडे गेला, आणि तिचं तिलाच नवल वाटलं की तो हात जड झाला होता. तेवढ्यात दुसरा थेंब पडला, कागदाच्या अगदी कडेला, उस्तादच्या गुडघ्याजवळ.

"अहो उस्ताद," आई म्हणाली, "तुमची बनियन गळतेय."

त्यानंतर लेकीने गाडी चौकापर्यंत नेऊन आणली. गिलावा गेलेल्या त्याच भिंतीपाशी ती एका बोटाने वळली. परत आली तेव्हा अण्णा पायरीवर उभे होते, हात पुसायचं फडकं हातात, हात कधीचेच पुसून झालेले.

"कसं वाटलं?"

"ठीक आहे," ती म्हणाली. तिला सहाची बस गाठायची होती.

रविवारी सकाळी आईचा फोन आला. अण्णा पहाटे झोपेतच गेले होते; लांबची माणसं पोचेपर्यंत थांबायचं होतं. सोमवारी टेम्पो त्यांच्या दारात उभा राहिला, तो त्यांना न्यायला आलेल्या माणसांना घेऊन. उस्ताद चालवत होता. त्याने गुलाबी पँट घातली होती आणि कुणीही त्याबद्दल काही बोललं नाही.

दोन महिन्यांनी गाडी लेकीच्या नावावर करायची होती, म्हणून ती तपासणीला घेऊन गेली. तिथला निरीक्षक चष्मा कपाळावर चढवलेला, कंटाळलेला माणूस होता. त्याने बॉनेट उघडलं आणि चष्मा खाली घेतला.

"हा कूलर कंपनीचा नाही."

"नाही."

"हे पाइप पण नाहीत." त्याने वळशाखाली बोट घातलं, इंजिन जोरात चालवायला लावलं, पुन्हा पाहिलं, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारून त्यालाही तो वळसा दाखवला. दोघं थोडा वेळ आपापसात बोलले. मग तो फॉर्म घेऊन आला. "बदल चांगला केलाय. पण नोंद करावी लागेल. कुणी केला?"

तिने अण्णांचं नाव सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं.

"व्यवसाय?"

शाळेत, कॉलेजात, नोकरीच्या अर्जात, वडिलांच्या व्यवसायाचा हा रकाना तिने आयुष्यभर भरला होता. प्रत्येक वेळी तिने तिथे वस्त्रोद्योग असं लिहिलं होतं. शब्द चुकीचा नव्हता. मुद्रितात तो कुणीही तपासून पुढे सोडला असता. अण्णांनी एकदा तिचा फॉर्म पाहिला होता आणि काही न बोलता घडी घालून परत दिला होता, शिवणीवर शिवण येईल अशी.

"बाई, व्यवसाय काय लिहू? मेकॅनिक?"

"शिंपी," ती म्हणाली.

त्याने मान वर केली. ऐकण्यात चूक झाली असं त्याला वाटलं असावं. रांगेतली माणसंही बघायला लागली होती. तेव्हा तिने पुन्हा सांगितलं, शेवटच्या माणसापर्यंत पोचेल इतक्या मोठ्याने.

"माझे वडील शिंपी होते."