पत्र्याआडचा मीटर

शेवटचा पत्रा बांबूला तारेने आवळत असतानाच पंढरीच्या घरातले पंखे थांबले. मांडवात डीजेवाला माइकवर "हॅलो, चेक, हॅलो" करत होता, त्याचा तिसरा हॅलो अर्ध्यावरच तुटला. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती, मे महिना होता, आणि संध्याकाळी पंढरीच्या एकुलत्या एका लेकीची, मनस्वीची, हळद होती.

पंढरीला काळजी पंख्यांची नव्हती. आतल्या खोलीत तीन डीप फ्रीजर होते, एक घरचा आणि दोन भाड्याने आणलेले. त्यांत सत्तर किलो सुरमई आणि पापलेट मसाला लावून ठेवलेलं. अख्खं सारसोळे गाव जेवायला येणार. कोळ्याच्या घरी हळदीला मासळी खराब निघाली, तर मनस्वीच्या नातवंडांच्या हळदीतसुद्धा लोक आठवण काढतील, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

"हरेशनंच केलाय यो!" पंढरी ओरडला.

"त्यांनी काय केलाय? ते बिचारं ओट्यावर बसून जालं विनतायत," त्याची बायको गोजरा म्हणाली.

"तू त्याची वकिली नको करू!"

हरेश म्हणजे पंढरीचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांच्या घरांत आठ फुटांचं अंतर आणि सात महिन्यांचा अबोला. कारण काय, तर दोघांच्या सामाईक होडीला निळा रंग द्यायचा की हिरवा! पंढरी निळा लावायला घेऊन मध्येच जेवायला गेला, तो परत येईपर्यंत हरेशने उरलेल्या अर्ध्या होडीला हिरवा फासून टाकला. तेव्हापासून ती होडी खाडीत अर्धी निळी, अर्धी हिरवी अशी उभी आहे, आणि येणारे-जाणारे तिच्यासोबत फोटो काढतात.

लग्नाच्या निमित्ताने तरी मिटेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. सख्ख्या भावाला आमंत्रण द्यायचं तर आपण स्वतः त्याच्या उंबऱ्यावर जाऊन, हातात सुपारी ठेवून द्यायचं, ही त्यांच्या घरातली रीत. पंढरीने पत्रिका मांडववाल्याच्या हाती पाठवली. हरेशने ती त्याच पावली परत पाठवली, वर निरोप: "दोन पावलांवर रातो, आन् आमंत्रन दुसऱ्याच्या हाती? तो मांडववाला माजा भाऊस हाय का?"

हे ऐकून पंढरीचं टाळकंच फिरलं. आज सकाळी त्याने मांडवाच्या हरेशकडच्या बाजूला कापडी पडद्याऐवजी चांगले दहा फुटी लोखंडी पत्रे उभे करायला सांगितले. एक नाही, दोन नाही, आठ! "त्याच्या ओट्यावरून माज्या पोरीची हलद दिसाया नको," हे वाक्य तो आळीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलला होता. त्यामुळे आता मागे फिरायची सोय नव्हती.

वीज कंपनीचा वायरमन शहाजी आला तेव्हा साडेबारा वाजले होते. साताऱ्याकडचा माणूस, वीस वर्षं नोकरी नवी मुंबईत. त्याने घराच्या बाहेरच्या भिंतीवरचा नवा स्मार्ट मीटर पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"तुमी मांडवासाठी लोड वाढवून घेतला हुता का?"

"घेतला ना. रोषनाई, डीजे, तीन फ्रीजर. आजपासून चालू होनार होता."

"मग तेच झालंय. लोड बदलताना मीटर आधी बंद करायचा हुकूम येतो, मागनं चालू करायचा. बंदचा आला. चालूचा काय आलेला न्हाई."

"मंग तू कर चालू!"

"मी कसा करू, आवो?" शहाजीचं जुनं दुखणं उसळून आलं. "जुन्या मीटरला हितं खाली जागा असायची. आपली वायर लावायची, दोन बटनं दाबायची, च्या प्यायचा, घरी जायचं. ह्या हुशाराला वायर लावायला जागाच ठिवली न्हाई. सगळं हवेतनं. हुकूम म्हाप्यातल्या हापिसातनं सुटनार, ह्यो ऐकनार, हिरवा दिवा लावनार, मग मिनिटभरानं लाईट सोडनार."

"आन् तू काय करनार?"

"मी उभा ऱ्हानार."

शहाजीने महाप्याच्या कंट्रोल रूममधल्या इंजिनियरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सुयश त्याचं नाव. आवाज गोड, मागे एसीची घरघर.

"सर, टेन्शन नका घेऊ. कमांड परत पाठवतोय. दहा मिनिटं."

दहा मिनिटं झाली. आणखी दहा मिनिटं सांगितली गेली, तीही झाली. दीड वाजला. गोजराने पहिल्या फ्रीजरचं झाकण बोटभर उचलून पाहिलं आणि पटकन बंद केलं. ते पाहून पंढरीने शहाजीच्या हातातला फोन ओढून घेतला.

"अरे, बाईकवर बसून ये ना हिकडं!" तो फोनवर खेकसला. "म्हापा काय लंडनला हाय?"

"येऊन काय करू सर? माझ्याकडेपण मीटरला लावायला काहीच नाहीये. मी इथून करतो तेच तिथून करणार."

जनरेटर मिळेना; लग्नसराई, सगळे जनरेटर सकाळपासूनच कुठल्या ना कुठल्या मांडवात. बर्फवाला म्हणाला, चारच्या आत टेम्पो निघत नाही. हातावरची मेंदी जपत मनस्वी बाहेर आली. "पप्पा, काकाच्या घरातून एक वायर ओढा ना. आठ फूट तर हाय."

"त्याच्या वायरीवर माजी मासली राहनार? खाडीत फेकीन, पन तसा करनार नाय!"

मनस्वीचे डोळे भरले. "मासलीचं जाऊ द्या. मना काकानं हलद लावायला पायजे होती," एवढं बोलून ती आत गेली. पंढरीला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण वाईट वाटलं की चिडायचं, ही त्याची जुनी खोड, म्हणून तो डीजेवाल्यावर चिडला.

सव्वादोनला सुयशचा फोन आला, पुन्हा स्पीकरवर. या वेळी आवाजात उत्साह होता.

"सर, प्रॉब्लेम सापडला! तुमचा मीटर डायरेक्ट आमच्याशी बोलत नाही. त्या भागात मीटर एकमेकांमार्फत मेसेज देतात. तुमचा मीटर शेजारच्या मीटरशी बोलतो, तो पुढे पाठवतो. शेजारचं नाव... एक मिनिट... हरेश. ओळखता का?"

डीजेवाल्याने माइक खाली ठेवला.

"अकरा दहापर्यंत दोघांचं छान चाललं होतं सर. मग अचानक बोलणंच बंद. कमांड त्यांच्या मीटरपर्यंत येऊन थांबलीय, पुढे जात नाही. मध्ये काही आलंय का? लोखंड, पत्रा, असं काही?"

सगळ्यांच्या माना एकदम पत्र्यांकडे वळल्या. आठही पत्रे उन्हात चमकत होते.

"म्हंजे..." पंढरीचा आवाज चिरकला, "माज्या घरातली लाईट हरेशच्या मीटरला विचारून येते?"

"टेक्निकली, हो सर."

"काडा की पत्रं," शहाजी म्हणाला. "ह्याला वायर लावायची सोय असती तर मी तुमची अब्रू मघाशीच वाचवली असती."

पंढरी मांडवात तीन येरझाऱ्या घालून आला. एकीकडे सत्तर किलो मासळी, दुसरीकडे आळीभर ऐकवलेला शब्द. शेवटी त्याने मांडववाल्याला जवळ बोलावलं आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "भटारखान्यात लय उकडतंय. हवा यायला एक पत्रा काड. एकच!"

तीनला वीसएक मिनिटं कमी असतील, तेव्हा पहिला पत्रा निघाला. फटीतून हरेशचा एक खांदा आणि जाळ्याची सुई दिसली. मीटरपाशी शहाजी आणि गोजरा उभे होते. गोजराने मीटरमध्ये वाकून पाहिलं, "मी जरा आत मासली बगून येते," म्हणत घरात गेली आणि लगेच बाहेर आली.

"आयली का लाईट?" पंढरीने विचारलं.

शहाजीने तोंड उघडलं. गोजरा त्याच्याआधी बोलली, "कुठं आयली? पंखं बगा, बंदच हायत." शहाजीने तिच्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

दुसरा पत्रा निघाला. आता हरेशचं अर्धं तोंड दिसायला लागलं. तो जाळ्यातून नजर न काढता जाळ्यालाच म्हणाला, "कोनाचा तरी मांडव मोडतंय वाटतं."

"कोनाच्या तरी मीटरला ऐकू कमी येतंय!" पंढरी बांबूला म्हणाला.

तिसरा निघाला, चौथा निघाला. प्रत्येक पत्र्यामागे पंढरी ओरडे, "आयली का?" आणि गोजरा मान हलवे. पाचव्याला त्याने मुंडाशाने घाम पुसला. सहाव्याला आळीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. सातव्याला पंढरीने मांडववाल्याला बाजूला सारून स्वतःच पक्कड हातात घेतली, कारण घड्याळात सव्वातीन वाजून गेले होते आणि त्याला डोळ्यांसमोर पापलेटं विरघळताना दिसत होती. आठवा पत्रा तर त्याने तारेसकट उपटला. पत्रा जमिनीवर आपटला, आणि दोघा भावांच्या मध्ये आता आठ फूट रिकामी जागा तेवढी उरली.

"आयली?"

"नाय हो!" गोजरा म्हणाली.

पंढरी मटकन खुर्चीत बसला. सात महिन्यांचा ताठा पत्र्यांबरोबर आडवा पडला होता आणि हातात काहीच आलं नव्हतं. हरेशने जाळं खाली ठेवलं. उठला. ओट्याच्या कडेला येऊन उभा राहिला, आणि सात महिन्यांत पहिल्यांदा भावाला हाक मारून बोलला.

"दादा, खरा सांग. पत्रं कोनासाठी काडलंस? मीटरसाठी, का माज्यासाठी?"

आळी कान टवकारून उभी. इथे एक साधं खोटं बोलून वेळ मारून नेता आली असती. पण भावाच्या तोंडावर पंढरीला खोटं बोलता येत नसे. होडीच्या भांडणातही तो हेच म्हणाला होता, की हिरवा रंग दिसायला बरा आहे, पण तू विचारलं का नाहीस!

"मीटरसाठी काडलं," तो म्हणाला. "आठच्या आठ काडलं. तरी मीटर काय ऐकंना." त्याने पक्कड खिशात कोंबली. "आता तू तरी ये."

हरेशच्या मिशा हलल्या. "असा लांबून?"

पंढरी उठला. खिसे चाचपले, खिशात तारेचे तुकडे आणि पक्कड. सुपारी कुठून आणायची? तेवढ्यात गोजराने कमरेची पिशवी सोडून त्याच्या तळहातावर सुपारी ठेवली. पंढरीने ती आठ फुटांची जागा ओलांडली, हरेशच्या उंबऱ्यावर उभा राहिला आणि सुपारी पुढे केली. "पोरीची हलद हाय. तुमी सगल्यांनी यायचा."

हरेशने सुपारी मुठीत धरली आणि आत वळून हाक मारली, "ए, चल गो!" आणि त्याची बायको एका क्षणात बाहेर आली: नवं लुगडं नेसलेली, अंबाड्यात गजरा, अंगावर दागिने. सकाळपासून नेसून बसली होती बिचारी. मनस्वी मेंदीचे हात तसेच पसरून धावत आली आणि काकाच्या गळ्यात पडली. त्याच्या पांढऱ्या बनियनची वाट लागली.

"मी जरा मासली बगून येते," गोजरा म्हणाली आणि आत गेली.

आणि लाईट आली! पंखे फिरले, माळा पेटल्या, डीजेवाल्याचा सकाळपासून अडकलेला हॅलो आळीभर घुमला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. "हरेशचा पाय लागला आन् लाईट आयली," कोणीतरी म्हणालं, आणि पंढरीलाही ते मनापासून पटलं. फ्रीजर उघडले. वरचा थर जरा मऊ पडला होता, खालची मासळी दगडासारखी कडक. शहाजीने मात्र चहासुद्धा न घेता पिशवी आवरली आणि कोणाच्या नजरेला नजर न देता स्कूटर काढली.

थोड्या वेळाने पंढरीचा फोन वाजला. सुयश.

"सर, सप्लाय ओके ना? एक विचारायचं होतं. तुमचा मीटर दोन बेचाळीसलाच चालू झालाय, पहिलाच मेसेज पोचला होता. पण पुढचा पाऊण तास वापर शून्य दिसतोय. घरातला मेन स्विच कोणी बंद केला होता का?"

पंढरीने मनात पत्रे मोजले. दोन बेचाळीस. म्हणजे पहिला पत्रा. मग दुसऱ्यापासून आठव्यापर्यंत...? मेन स्विच स्वयंपाकघराच्या दारामागे होता. त्या दारात आता गोजरा उभी होती, हरेशच्या बायकोला सुरमईचे तुकडे दाखवत. तिने एकदाच नवऱ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि पुन्हा तुकडे मोजायला लागली. अंगणात हरेश बनियनवरच उभा राहून मांडववाल्याला ओरडत होता, की माझ्या पुतणीचा पाट असा वाकडा कोणी ठेवला.

"सर? आहात ना? कम्प्लेंट क्लोज करतोय. सप्लाय आल्याची वेळ दोन बेचाळीस टाकू?"

"साडेतीन टाक," पंढरी म्हणाला.

"पण सर, सिस्टममध्ये दोन बेचाळीस—"

"तुज्या सिस्टमला तिथं बसून काय दिसतंय? मी हितं दारात उभा हाय. साडेतीनलाच आयली."