चाकांवरची स्थावर मालमत्ता

भूगोलाच्या बाईंनी समुद्र पाहिलेला नव्हता, ही बाब शाळेच्या दप्तरी कुठेही नोंदलेली नव्हती. त्यामुळे त्या निवृत्त होईपर्यंत ती कोणाच्या लक्षात आली नाही. भरती-ओहोटी त्या परातीतलं पाणी आणि टेबलावरचा दिवा घेऊन शिकवत. दिवा म्हणजे चंद्र. दिवा पाणी ओढत नाही, हे त्या आधीच सांगून टाकत. खोटं शिकवणं त्यांना जमत नसे. सुट्टीत किनाऱ्यावर जाऊन आलेल्या मुली सांगत, "बाई, भरती अगदी तुम्ही सांगितली तशीच येते." त्यावर बाई मान डोलावत, तपासणीत शेरा चांगला मिळाल्यासारख्या.

निवृत्तीच्या सुमारास डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू असल्याचं सांगितलं. समोरचं दिसत राहील, कडेचं हळूहळू कमी होत जाईल. औषधाने वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. बाईंनी घरी येताना विचार केला. घड्याळ, पुस्तक, माणसाचं तोंड, या गोष्टी कडांवाचूनही चालतील. समुद्र मात्र, त्यांच्या वाचनानुसार, मुख्यतः आडवा असतो. तो आधी उरकायला हवा.

एवढी साधी मागणी होती. पण घरात यजमान होते.

यजमानांना सगळे चष्मेवाले म्हणत. चौकातलं चष्म्याचं दुकान पुतण्याच्या हाती दिल्यापासून त्यांना फोन बघायला वेळ मिळू लागला होता, आणि फोनमध्ये त्यांना एक नवी जमात सापडली होती. ही माणसं नोकरी-धंदा सोडून गाडीत राहत. गाडीतच पलंग, गाडीतच शेगडी. मागचं दार उघडलं की बाहेर डोंगर किंवा तळं, हातात वाफाळता कप, पायात लोकरीचे मोजे. मोजे सगळ्यांच्याच पायात असत. स्वातंत्र्याला पाय गार पडतात, असा बाईंनी निष्कर्ष काढला.

"समुद्राला जायचं ना? मग आपल्या गाडीने जाऊ," चष्मेवाले म्हणाले.

"आपल्याकडे गाडी नाही."

"म्हणून तर घ्यायची. पुढची काच बघितलीस केवढी असते ती? सगळा समुद्र एका नजरेत मावेल तुझ्या."

"अहो, बसने गेलं तर?"

"बसने गेलं की ती सहल. गाडीने गेलं की ते स्वातंत्र्य."

जन्मभर काचा विकलेल्या माणसाचा काचेवर विश्वास असणारच. शिवाय हे सगळं आपल्या डोळ्यांसाठी चाललंय, हे बाईंना कळत होतं.

नवी गाडी आवाक्याबाहेर होती. जुनी सापडली ती देशाच्या दुसऱ्या टोकाला. जाहिरात अशी होती: "फिरतं घर विकणे आहे. गाडी चालू आहे. मालक चालू नाही. प्रत्यक्ष येऊन पाहणे." दुसऱ्या वाक्यावर चष्मेवाल्यांचा विश्वास बसला. तिसऱ्या वाक्यामुळे बाईंचा उडाला.

बातमी नणंदेला कळली, म्हणजे जाहीर झाली. शाळेने बाईंना दुसऱ्यांदा निरोप दिला. मुख्याध्यापिकांनी पिंजऱ्याचं दार उघडण्यावर भाषण केलं आणि दोन घडीच्या खुर्च्या भेट दिल्या. आता गाडीशिवाय परत येण्याची सोय उरली नाही.

दोन रेल्वेगाड्या, एक बस, पुन्हा एक रेल्वे. खुर्च्या कुठल्याच फळीवर बसत नव्हत्या, म्हणून त्या मांडीवर. सहप्रवासी विचारत, "एवढ्या लांब कशाला?" गाडी आणायला, म्हटलं की प्रत्येकाचा एक मेव्हणा निघे, ज्याने आणखी लांबून गाडी आणलेली असे आणि ती लोण्यासारखी चालत असे. बाईंना यात एक नियम दिसू लागला: जुन्या गाडीचा चांगुलपणा हा तिच्या खरेदीदाराच्या घरापासूनच्या अंतराशी समप्रमाणात असतो. गावातल्या गावात मिळणारी गाडी याच नियमाने भंगार ठरत होती.

मालक निघाले दातांचे डॉक्टर. गाडी दवाखान्यामागच्या अंगणात उभी होती. पांढरी, देखणी, चाकांच्या मध्यापर्यंत गवत.

"तुम्हीच ते," चष्मेवाले हरखून म्हणाले. "फोनमध्ये तुमचं बघूनच आम्ही निघालो. ते तळं, तो बर्फ."

"हो, हो," डॉक्टर नम्रपणे म्हणाले.

"गाडी फिरलीय किती?" बाईंनी विचारलं.

"आता मनाने विचाराल तर..."

"मनाने नको. मीटरने."

मीटरवरचा आकडा गाड्यांच्या दुकानापासून या अंगणापर्यंतचा होता. डॉक्टरांनी मागचं दार उघडलं. समोर कुंपणाच्या भिंतीवर तळं होतं. दोरी ओढली की तळं वर गुंडाळलं जाई आणि बर्फ खाली येई. "जंगल जरा कोपऱ्यात फाटलंय," डॉक्टर म्हणाले, "ते तसंच देऊन टाकतो."

"पण तुम्ही तर म्हणायचात, मी सगळं सोडून निघालो," चष्मेवाले म्हणाले.

"अहो, दिवसभर पेशंट तोंड उघडून बसलेले असतात. त्यांना तसंच सोडून निघू?"

बाईंना माणूस आवडला. चष्मेवाल्यांना तर हर्षच झाला होता: न वापरलेली जुनी गाडी. किल्ली फिरवली, गाडी चालू झाली. गवतातून बाहेर काढण्याआधी फक्त नाव बदलून घ्यायचं, तेवढं कार्यालयात जाऊन येऊ, असं ठरलं.

कार्यालयात कारकुनाने गाडीचं पुस्तक उघडलं आणि बंद केलं. नोंदणीच्या वेळी डॉक्टरांचा ऊर भरून आलेला होता. 'वाहनाचा प्रकार' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: 'वाहन नव्हे, माझे घर.'

"अहो, ती भावना आहे त्यांची," चष्मेवाले म्हणाले.

"शासन भावना वाचत नाही, शब्द वाचतं. इथे वाहनं होतात. घरं शेजारच्या खोलीत."

शेजारच्या खोलीतल्या साहेबांनी आधी खुर्च्यांकडे पाहिलं. रांगेत बसायला जागा नव्हती म्हणून दोघांनी आपल्या खुर्च्या उघडल्या होत्या. खाजगी फर्निचर आत आणता येत नाही, आणि आत आलेलं बाहेर नेता येत नाही, असं समजलं. शिपायाने दोन्ही खुर्च्यांच्या पाठीवर रंगाने क्रमांक टाकले आणि एका खुर्चीवर तो स्वतः बसला.

"चाकं आहेत का?" साहेबांनी विचारलं.

"आहेत."

"मग जंगम. हलवली कधी?"

"आणली त्या दिवशी. त्यानंतर नाही."

"मग स्थावर. जंगम वस्तू मुदतीपलीकडे जागेवरून हलली नाही, तर ती स्थावर समजण्यात येते."

बाईंनी खोलीभर नजर फिरवली. या नियमात बसणाऱ्या बऱ्याच गोष्टी त्यांना टेबलांमागे दिसल्या.

स्थावर मालमत्ता जमिनीसकटच विकता येते. त्यामुळे डॉक्टरांना गाडीखालची जमीन विकणं भाग पडलं. मोजणीदार आला, गाडीखाली सरपटत गेला आणि बाजूच्या आरशांखालची जमीनही धरायची का, यावर त्याने वरिष्ठांचं मत मागवलं. आरसे धरावेत, असं मत आलं. अशा रीतीने चष्मेवाले गाडीच्या आकाराच्या आणि दोन कान असलेल्या एका भूखंडाचे मालक झाले.

"अभिनंदन," डॉक्टर म्हणाले. "आता फक्त उतरताना जरा बघा. पायरीखालची जमीन माझी आहे. माझी काही हरकत नाही, पण लिहून घेतलेलं बरं."

तेही लिहून घेतलं. दोघं गाडीत राहू लागले, कारण घर हलवण्याचा अर्ज फक्त रहिवाशालाच करता येतो. राहण्याचा पुरावा म्हणून शेजाऱ्यांच्या सह्या हव्या होत्या. दाढ दुखणाऱ्या पेशंटांनी त्या भराभर करून दिल्या.

चष्मेवाल्यांना कामाचा छंद लागला. सकाळी उठून ते कार्यालयात जात. परत येऊन दार उघडून, कप हातात घेऊन बहिणीला व्हिडिओ कॉल लावत. मागे तळं असे.

"वहिनी कुठेत? वहिनी, हवा मानवलेली दिसते तुम्हाला," नणंद म्हणे.

"भिंत आहे ती," बाई सांगत.

"काय बाई विनोदी झालात तुम्ही तिकडे जाऊन."

कार्यालयासमोर बसचा थांबा होता. तिथे दर अर्ध्या तासाने एक बस येई आणि तिच्या पाटीवर 'समुद्रकिनारा' असं लिहिलेलं असे. पहिल्यांदा पाटी दिसली तेव्हा बाईंनी यजमानांच्या कोपराला हात लावला.

"अहो, ती बस."

"बघितली."

"काखेत कळसा म्हणतात तो हाच."

"अगं, एवढं सगळं करून बसने जायचं? ताई विचारेल, कशाने गेलात. काय सांगू? आता होतच आलंय. फक्त स्थलांतराचा परवाना."

स्थलांतराच्या परवान्यासाठी दोन गोष्टी लागत. घर जिथे जाईल तिथे तेवढ्याच मापाची, कानांसकट, मोकळी जमीन. आणि घर गेल्यावर मागे राहिलेली जमीन पडीक राहणार नाही, याची हमी. हमीसाठी चष्मेवाल्यांनी तिथे मेथी पेरायचं कबूल केलं. पुढच्या जमिनीच्या सुनावणीला बाईही गेल्या.

"कुठे नेणार घर?" साहेबांनी विचारलं.

"समुद्रकिनाऱ्यावर."

"तिथल्या जमिनीचं माप मिळत नाही. सकाळी एक असतं, दुपारी एक."

"भरतीमुळे," बाई म्हणाल्या.

"भरतीचं नाव काढू नका. भरतीवर स्थगिती आहे, म्हणून तर मी एकटा तीन टेबलं सांभाळतोय."

"मी पाण्याबद्दल बोलतेय."

"पाणीपुरवठा वरच्या मजल्यावर."

चष्मेवाले खरोखरच वरच्या मजल्यावर गेले. बाई व्हरांड्यात थांबल्या. भिंतीवर कार्यालयाची कर्तव्यं लिहिलेली होती. पहिल्या ओळीचं पहिलं आणि शेवटचं अक्षर दोन्ही दिसावीत म्हणून त्यांना मान थोडी फिरवावी लागली. आल्या दिवशी लागली नव्हती.

समोर बस आली. बाई रस्ता ओलांडून तिच्यात बसल्या.

बसच्या काचा मळक्या होत्या. एका वळणावर घरं संपली, वाहक म्हणाला, "चला, शेवटचा थांबा," आणि समोर तो होता. बाईंनी तो डावीकडून उजवीकडे पाहिला, मग उजवीकडून डावीकडे. मान फिरवल्यावर मावत होता. ओहोटी होती. ओल्या वाळूवर पाणी जिथवर येऊन गेलं होतं, तिथे काड्यांची बारीक रेघ होती. फळ्यावर इतकी वर्षं काढलेली किनाऱ्याची रेषा मुळात एका जागी राहत नाही, हे त्यांनी शिकवलं होतं. आता ते पायाला कळलं. चपला हातात घेऊन त्या उभ्या राहिल्या. पाणी वळलं आणि येऊ लागलं. घोट्यापर्यंत आलं. एक लाट थेट पोटऱ्यांवर आली आणि परत जाताना तिने टाचांखालची वाळू ओढून नेली, तेव्हा बाई हसल्या. ओढ कशी असते, ते दिव्याने दाखवता आलं नसतं.

आसपासची माणसं समुद्राकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होती. एकीने फोन खाली केला आणि विचारलं, "एकट्याच आलात? कशाने?"

"बसने."

"अगं बाई," ती कळवळून म्हणाली.

बाई परतल्या तेव्हा चष्मेवाले गाडीच्या दारात बसले होते, पाय वर घेऊन, कारण पायरीखालच्या जमिनीचा करार संपत आला होता.

"कुठे होतीस? वरचे म्हणाले, पाणी खारं असेल तर त्यांच्याकडे येत नाही."

"समुद्र पाहून आले."

त्यांनी चष्मा काढला. मग तो पुसत त्यांनी विचारलं, "सगळा दिसला?"

"सगळा. उद्या तुम्हीही चला."

"उद्या सुनावणी आहे," ते हळूच म्हणाले.

नणंदेचा फोन आला. "वहिनी, गाडी निघाली का?"

"वन्सं, मी समुद्र पाहिला."

"ते राहू द्या हो. गाडीचं काय?"

मुख्याध्यापिकांचंही तेच. पुतण्याचंही तेच. दातांच्या डॉक्टरांनी तर चिमटा हातात तसाच ठेवून विचारलं, आणि खुर्चीतल्या पेशंटाने उघड्या तोंडाने तोच प्रश्न विचारल्यासारखा आवाज केला. बाई प्रत्येकाला पाणी कसं वळलं ते सांगू लागत, आणि प्रत्येकजण ते संपण्याची सभ्यपणे वाट पाहत असे.

वाचकहो, तुम्हीही सभ्यपणेच वागलात. लाट पोटऱ्यांवर आली तिथे तुम्ही क्षणभर थांबलात, आणि नंतरचं सगळं झरझर वाचत इथवर आलात, परवान्याचं काय झालं ते बघायला. समुद्र वर आहे. हवा तर परत जाऊन पाहा.