खरखर कोणाच्या घरातली?

रविवारी सकाळी आठ वाजता ओव्हरकाका रेडिओसमोर बसले, टेबलावरचा दिवा लावला, कानांना हेडफोन चढवले आणि त्याच क्षणी खरखर सुरू झाली.

"बघ, बघ!" ते स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले. "मी बसलो रे बसलो की सुरू! एका मिनिटाचाही फरक नाही. कोणीतरी पाळत ठेवून आहे माझ्यावर."

"पाळत ठेवण्यासारखं तुम्ही करता तरी काय?" आतून बायको म्हणाली. "मी गाण्याच्या बाईंकडे जाऊन येते खाली. गॅसवर दूध आहे, बघा."

"बघतो. ओव्हर."

घरातसुद्धा वाक्याच्या शेवटी 'ओव्हर' म्हणायची त्यांची ही खोड. त्यावरून सगळी बिल्डिंग त्यांना ओव्हरकाका म्हणे. हौशी रेडिओवाल्यांमध्ये आपलं बोलणं संपलं, आता तू बोल, हे सांगायला तो शब्द लागतो. बायकोच्या मते काकांनी त्यातला फक्त पहिला भाग उचलला होता.

काका टेलिफोनच्या तक्रार विभागातून निवृत्त झालेले. एकतीस वर्षं त्यांनी लोकांना एकच उत्तर दिलं, "दोष तुमच्याच बाजूला आहे, आमची लाइन ठीक आहे." खुर्ची सुटली, पण वाक्य काही सुटलं नाही.

रेडिओचा सेट त्यांनी स्वतः जुळवला होता, जुन्या पद्धतीचा, जाडजूड. गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून कोपऱ्यातल्या खांबापर्यंत अँटेनाची तार होती. त्या तारेच्या जोरावर दर रविवारी ते एका दीपगृहवाल्याशी बोलत. दूर समुद्रातल्या बेटावर तो माणूस एकटाच दिवा सांभाळून होता. अठरा वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. पण दीपगृहवाल्याची बायको गेली, तेव्हा त्याने सगळ्यांत आधी काकांना सांगितलं होतं, आणि त्या दिवशी काका अर्धा तास 'ओव्हर' म्हणायचं विसरले होते.

गेले तीन महिने मात्र या खरखरीमुळे मित्राचे निम्मे शब्द वाया जात होते. काकांनी बटण दाबलं आणि मन मोकळं केलं.

"काय सांगू तुला, आमच्या बिल्डिंगमध्ये एकेक नमुने भरलेत. आमचा सेक्रेटरी! जिन्यात असले फुटकळ दिवे लावलेत त्याने, त्यांचीच ही खरखर असणार. नाहीतर गाण्याच्या बाईंचा मिक्सर. तो बाईंपेक्षा बरा सुरात असतो म्हणा. बायकोला सांगून उपयोग नाही, तिला रेडिओतलं ओ की ठो कळत नाही. ओव्हर."

पलीकडून काहीतरी आलं. त्यातलं "खर्रर्र डोळा खर्रर्र" एवढंच कळलं. तेवढ्यात दूध उतू गेलं.

संध्याकाळी नोटीस बोर्डावर कागद लागला. 'तळमजल्यावरील गाण्याच्या वर्गात स्पीकरमधून खरखर येते. गच्चीवरील अँटेना काढण्याबाबत पुढील रविवारी सकाळी दहा वाजता सभा.' खाली सेक्रेटरींची सही होती.

काकांनी तो कागद दोनदा वाचला. तार गेली की दीपगृहवाला गेला. त्याच्या बेटावर ना धड फोन लागत होता, ना पत्र वेळेवर पोचत होतं.

दुसऱ्याच दिवशी ते खिशात फेराइटचं कडं घेऊन बाईंकडे गेले. बांगडीएवढं काळं कडं. त्यातून स्पीकरची वायर सहा-सात वेळा ओवून घेतली की वायरवरून घुसणाऱ्या रेडिओलहरी आत यायच्या थांबतात. काकांनी वायर ओवली, वर जाऊन बोलून पाहिलं आणि धापा टाकत खाली आले.

"आलं काही?"

"काहीच नाही," बाई म्हणाल्या. "म्हणजे आता तुम्ही रविवारी बोललात तरी इथे काही येणार नाही?"

"शब्दसुद्धा नाही! तुमच्या स्पीकरची लांब वायरच अँटेना झाली होती बाई. दोष तुमच्याच बाजूला होता."

"अरेरे," बाई म्हणाल्या आणि चहा करायला आत गेल्या. त्या 'अरेरे'चा अर्थ काकांना लागला नाही. त्यांनी तो आभार समजून ठेवून घेतला.

आता उरली आपल्या कानातली खरखर. ती बिल्डिंगमधल्याच कोणाची आहे हे सिद्ध केलं, तर सभेत सेक्रेटरींचं तोंड बंद होईल, असा काकांचा हिशेब होता. दिवा आणि रेडिओ चालू ठेवून ते छोटा रेडिओ हातात धरून घराबाहेर पडले. दारात खरखर जोरात होती. जिना उतरू लागल्यावर ती कमी होत गेली. तळमजल्यावर जवळजवळ गेलीच. परत चढताना वाढत वाढत आली आणि तिसऱ्या मजल्यावर तर कान किटले. तिसऱ्या मजल्यावर घरं दोनच होती, काकांचं आणि समोर सेक्रेटरींचं.

काकांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्यांनी सेक्रेटरींची बेल दाबली.

"साहेब, खरखर तुमच्या घरातली आहे."

"माझ्या?" बनियनवर आलेले सेक्रेटरी म्हणाले. "पुरावा काय?"

"रविवारी सभेआधी सगळ्या घरांची वीज बंद करू. मी बॅटरीवर रेडिओ चालवतो. तुम्ही खाली मीटरच्या खोलीतून एकेक घर चालू करा. ज्याचं घर लागल्यावर खरखर येईल, तो चोर."

"आणि चोर नाही सापडला तर?"

"तर मी माझ्या हाताने अँटेना काढतो."

रविवारी नऊ वाजता सगळी बिल्डिंग जिन्यात जमली. सेक्रेटरी मीटरच्या खोलीत, निरोप द्यायला काकांची बायको मधल्या जिन्यात आणि काका वर हेडफोन लावून. सगळी वीज गेली आणि काकांच्या कानात तीन महिन्यांनी शांतता पसरली. लांबचे, बारीक बारीक आवाजसुद्धा ऐकू येऊ लागले.

"गेली!" ते ओरडले. "मी म्हणत नव्हतो?"

"गाण्याच्या बाईंचं लावलं!" बायकोने हाक दिली.

"काही नाही! पुढचं!"

एकेक घर लागत गेलं आणि काकांचा आवाज बारीक होत गेला. मग बायको म्हणाली, "सेक्रेटरींचं लावलं!" काकांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबले. शांतता.

"नीट लागलंय का विचार त्यांना!"

"पंखा फिरतोय म्हणतात!"

अकरा घरं झाली.  आता अँटेना उतरवायला पक्कड कुठे ठेवली आहे, याचा काका विचार करू लागले, आणि एवढ्यात कानात जोरदार खर्रर्र झालं.

"आली! आली!" काका उडालेच. "आत्ता कोणाचं घर लावलं? सोडू नका त्याला! कोणाचं घर?"

 बायको सावकाश जिना चढून आली आणि दारात उभी राहिली. टेबलावरचा दिवा नुकताच उजळला होता आणि त्याचा झगझगीत उजेड काकांच्या टकलावर पडला होता.

"आपलं," ती म्हणाली. आणि जरा थांबून म्हणाली, "ओव्हर."

काकांनी दिवा बंद केला. शांतता. लावला. खरखर. पुन्हा बंद, पुन्हा चालू. तीन महिन्यांपूर्वी त्यांनीच हौसेने आणलेला हा दिवा. रेडिओवर बसायचं तेव्हाच ते तो लावत, आणि म्हणूनच खरखर बरोब्बर त्यांच्या वेळेला येत असे. दिवा नीट उंचीवर यावा म्हणून त्याच्याखाली पत्रकांचा गठ्ठा ठेवला होता. रेडिओ क्लबासाठी काकांनी स्वतःच लिहिलेलं पत्रक ते. त्यातली पहिली सूचना ठळक अक्षरांत होती: 'खरखर आल्यास प्रथम आपल्याच घराचा मेन स्विच बंद करून पाहावा.'

सभेत काका उभे राहिले. दोष घरातल्या पंख्यावर ढकलावा असं एकदा मनात आलं, पण बायको पहिल्याच खुर्चीवर बसली होती.

"खरखर माझ्याच दिव्याची होती," ते म्हणाले. "तुमच्या कोणाची नव्हती. बाईंच्या स्पीकरमधलीही गेली आहे. तरी अँटेना काढायची म्हणाल तर... पक्कड सापडली आहे."

"काका," बाई हळूच म्हणाल्या, "माझ्या स्पीकरमधून खरखर येतच नव्हती. तुम्ही येत होतात. अगदी स्पष्ट. मीच संकोचाने तक्रारीत 'खरखर' लिहिलं."

काकांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"फुटकळ दिवेवाला सेक्रेटरी मीच," सेक्रेटरी म्हणाले.

"आणि मिक्सरपेक्षा बेसूर मी," बाई म्हणाल्या.

काकांनी बायकोकडे पाहिलं. दर रविवारी ही बाईंकडे का जाते, हे त्यांना आत्ता उमगलं.

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," बायको म्हणाली. "चालू द्या तुमचं."

 काकांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात बाईंनीच विचारलं, "त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का हो? तुमच्या त्या दीपगृहवाल्यांच्या? तुम्ही विचारलेलं ऐकू आलं, पण त्यांचं उत्तर आमच्याकडे येत नाही ना. महिनाभर जिवाला घोर आहे."

"मलाही नीट ऐकू नाही आलं," काका म्हणाले. 

सेक्रेटरींनी वही मिटली. "अँटेना राहू दे. पण माफी हवी. जिथून आमची बदनामी केलीत, तिथूनच."

"पण वायरला ते कडं आहे ना," बाई म्हणाल्या.

"मग काढा ते कडं!"

पुढच्या रविवारी आठला गाण्याच्या वर्गात सगळी बिल्डिंग स्पीकरभोवती बसली. वर काका खिडकीच्या उजेडात बसले. दिवा माळ्यावर गेला होता. मित्राचा आवाज शेजारी बसल्यासारखा स्वच्छ आला.

"ऑपरेशन छान झालं! अरे, तुझ्याकडची खरखर गेली वाटतं. कोण होता रे शेवटी तो नालायक? ओव्हर."

काकांनी बटण दाबलं. खाली पंधरा-वीस माणसं कान देऊन आहेत, हे त्यांना ठाऊक होतं.

"मीच होतो," ते म्हणाले. "आमचे सेक्रेटरी सज्जन आहेत, बाई सुरात गातात, आणि आमच्या घरात रेडिओ फक्त बायकोला कळतो. तुझं ऑपरेशन छान झालं, हे खाली सगळ्यांना ऐकायचं होतं. ओव्हर."

तळमजल्यावरून टाळ्यांचा असा कडकडाट उठला की खिडकीची तावदानं थरथरली. काकांचं बोट अजून बटणावरच होतं; टाळ्या थेट बेटापर्यंत गेल्या, मग त्यांनी ते उचललं.

"अरे, हा कसला आवाज?" मित्राने विचारलं. "पुन्हा खरखर सुरू झाली की काय? ओव्हर."

"असू दे," काका म्हणाले. "आपलीच आहे. ओव्हर."